इंद्रियदमन म्हणजे काय?

(वाचनपाठ : शास्ते, अध्याय १३ ते १६, नीतिसूत्रें २५:२८, गलतीकरांस पत्र ५:२२, २३)

गेल्या पावसाळ्यांत उपदेशकांचा वर्ग संपवून आम्ही परत निघालों होतों. इतक्यांत एका वाडीवरील वडीलधारे उपदेशक आमच्या मागोमाग ओसरीपर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "पाळकसाहेब, एक शंका राहिली. आमच्या मंडळींतले लोक म्हणतात कीं आत्म्याच्या फळांतील शेवटचें जें इंद्रियदमन, तें आपल्या आळींत केव्हांच आलें आहे. बारा उंबऱ्यांत दारूला कोणी शिवत नाहीं. तेव्हां त्यावर उपदेश नको, पुढचें कांहीं सांगा. मीं त्यांस काय उत्तर द्यावें?" आम्हांस प्रथम हंसूं आलें, आणि 'लिहून कळवितों' असें म्हणून आम्ही वाटेस लागलों. परंतु थोडें पुढें गेल्यावर त्या बारा उंबऱ्यांसारख्याच एका उंबऱ्याची आठवण झाली, आणि हंसूं ओसरलें. ती गोष्ट पुढें येईल. त्या उपदेशकांस उत्तर देणें आमच्याकडे राहिलें होतें, तें आज ह्या पत्राच्या द्वारें सर्वांदेखत देतों.

प्रिय वाचकहो, प्रथम एक लहानशी गोष्ट पाहा. पौलानें 'आत्म्याचीं फळें' असें लिहिलें नाहीं. 'फळ' असें एकवचनीं लिहिलें आहे. प्रीति हें एक फळ, आनंद हें दुसरें, आणि इंद्रियदमन हें नववें, ज्याला जें आवडेल तें त्यानें टोपलींतून उचलावें, असें तेथें नाहीं. ज्वारीचें कणीस एकच असतें आणि दाणे अनेक असतात. ज्या कणसाला एका टोंकाला एकच दाणा भरला आणि बाकीचें पोंचट राहिलें, त्यास शेतकरी पीक आलें असें म्हणत नाहीं. काणी पडली कीं काय म्हणून तो ताट उपटून पाहतो. प्रीति नाहीं, सौम्यता नाहीं, आणि इंद्रियदमन तेवढें आलें, असें कोणी सांगूं लागला, तर जें आलें तें खरोखर काय आहे हें एकदां पाहिलें पाहिजे.

आतां शब्दांकडे वळूं. सोडण्याविषयीं व आवरण्याविषयीं आपल्या गांवच्या बोलींत शब्द पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाचें काम निराळें आहे. 'पथ्य' हा शब्द 'पथ' म्हणजे वाट ह्यापासून निघाला. शरीर आपल्या वाटेवर यावें म्हणून वैद्य जें सोडावयास सांगतो तें पथ्य. आजाऱ्यानें चार महिने वांगें सोडलें म्हणून त्यास कोणी साधु म्हणत नाहीं. 'उपास' हा मूळचा 'उपवास'. 'उप' म्हणजे जवळ, आणि 'वस्' म्हणजे राहणें. जवळ राहावयाचें तें देवाच्या, आणि त्या राहण्यांत जेवणाची आठवण मागें पडावयाची. आमच्या शेजारच्या लोकांत 'एकादशी आणि दुप्पट खाशी' अशी म्हण आहे. ती ऐकून आमचे कांहीं बंधु फार खुष होतात. त्यांस आमची विनंति अशी कीं, ती म्हण एकादशी करणाऱ्यांनींच स्वतःला हंसण्यासाठीं केली आहे. स्वतःला हंसण्याजोगी एखादी म्हण आम्हीं अजून केलेली नाहीं. माळकऱ्याच्या घरांत दारू व मांस येत नाहीं, हेंही आपण सर्व लहानपणापासून पाहत आलों आहों. तेव्हां सोडणें म्हणजे कांहीं केवळ ख्रिस्ती लोकांनाच साधलेली गोष्ट नव्हे, आणि त्याचा डौल मिरविण्याचें कारणही नाहीं. उपासाच्या दिवशींच भांडणारे व मुठीनें मारणारे लोक यशयाच्या काळींही होते, आणि त्यांना संदेष्ट्यानें काय सांगितलें तें अठ्ठावन्नाव्या अध्यायांत आहे. तो अध्याय घरीं मोठ्यानें वाचावा.

'वर्ज्य' म्हणजे जें दूर ठेवावयाचें तें. आणि 'दमन'? ह्या शब्दावर आम्ही जरा थांबतों, कारण तो शेतकऱ्याचाच शब्द आहे. संस्कृतांत 'दम्य' म्हणजे जो अजून कामाला लावावयाचा आहे असा तरणा बैल. आपण ज्यास खोंड म्हणतों तोच. खोंड उधळून दुसऱ्याच्या पिकांत शिरूं नये म्हणून त्याला खुंट्याला बांधतात. बांधला म्हणजे नासाडी थांबते, हें खरें. पण खुंट्याला बांधलेल्या खोंडाला कोणी 'शिकलेला बैल' म्हणून बाजारांत उभा करीत नाहीं. दावें तुटलें कीं तो पूर्वींसारखाच. त्याला वेसण घालतात, आधीं नुसता ओंडका ओढावयास लावतात, मग एखाद्या जुन्या, समजूतदार बैलाच्या जोडीला जुवाखालीं देतात. एक सुगी जाते. आणि ह्या सर्व खटाटोपांत शेतकऱ्याचा हेतु त्याचें बळ मारण्याचा नसतो. बळ मेलेला बैल कोणास हवा? बळ तेंच राहावें, पण तें तासाला लागावें, ह्याचें नांव दमन.

बांधवहो, आमचें म्हणणें एवढेंच आहे. वर्जन हा खुंटा आहे. इंद्रियदमन हें जूं आहे. दोहोंचें काम आहे, पण दोन्ही एक नव्हत.

पौलाच्या ग्रीक भाषेंतही हे दोन निरनिराळे शब्द आहेत. दूर राहण्यासाठीं जो शब्द आहे तो 'अपेखेस्थाइ'. त्याचा अर्थ अमुक वस्तूपासून स्वतःला अलग ठेवणें. यरुशलेमेंतील सभेनें विदेशी विश्वासणाऱ्यांस मूर्तीला वाहिलेल्या पदार्थांपासून दूर राहावयास कळविलें, तेथें तो आहे. थेस्सलनीकाकरांस जारकर्मापासून दूर राहण्यास सांगितलें, तेथेंही तोच आहे. पण गलतीकरांच्या पत्रांत इंद्रियदमन म्हणून जो शब्द आहे तो 'एंक्रातेइया'. त्यांत 'क्रातोस' म्हणजे सत्ता, बळ. ज्याचें बळ आंत आहे, ज्याच्या घरांत धन्याचा शब्द चालतो, त्याची ही स्थिति. पहिला शब्द विचारतो, हात वस्तूपासून किती लांब आहे? दुसरा विचारतो, त्या हाताचा धनी कोण? आणखी एक तिसरा शब्द आहे, त्याचा अर्थ शाबूत मनाचा असणें. मार्काच्या पांचव्या अध्यायांत सैन्य नांवाचा भुतानें ग्रासलेला मनुष्य कबरांतून निघाला आणि वस्त्र नेसून, शुद्धीवर येऊन बसला, तेथें तो आहे. त्याला पूर्वीं लोकांनीं बेड्या व साखळदंड घातले होते, ते त्यानें तोडले. बाहेरून जें साखळदंडांना साधलें नाहीं, तें येशूजवळ आल्यावर आंतून झालें. आणि मग त्याला बांधण्याचें कोणासही कारण उरलें नाहीं.

आतां शमशोनाकडे पाहूं, कारण शास्त्रांत वर्जन व दमन ह्यांची फारकत इतकी उघड दुसरीकडे दिसत नाहीं. तो उदरापासून नाजीर होता. नाजिराचे नेम गणनेच्या सहाव्या अध्यायांत आहेत: द्राक्षारस नको, सिरका नको, ओलीं द्राक्षें नकोत, सुकीं नकोत, बी नको, सालही नको. ह्याहून कडक वर्जन कोणतें? शमशोनाच्या ओठांस द्राक्षारस लागला असें त्याच्या चारही अध्यायांत कोठें लिहिलेलें नाहीं. दलीलेच्या मांडीवर झोंपेपर्यंत त्याच्या डोक्यास वस्तरा शिवला नाहीं. आमच्या एखाद्या मंडळींत तो असता तर आम्हीं त्यास पंच नेमलें असतें! आणि ह्याच मनुष्यानें तिम्नेंत एक स्त्री पाहिली व आईबापांस म्हटलें कीं तीच मला करून द्या, कारण ती माझ्या डोळ्यांना बरी दिसली. पैजेचीं वस्त्रें द्यावयाचीं होतीं म्हणून अष्कलोनांत जाऊन त्यानें तीस माणसें मारलीं. राग आला तेव्हां तीनशें कोल्ह्यांच्या शेपटांस पलिते बांधून पलिष्ट्यांचें उभें पीक, सुड्या व जैतुनांचे मळे जाळले. वाचकहो, तुम्ही शेतकरी आहां. उभें पीक जळतांना पाहण्याचें दुःख तुम्हांस आमच्यापेक्षां अधिक ठाऊक आहे. मग गज्जा, मग सोरेकाचें खोरें, मग दलीला. द्राक्षाचें साल न खाणारा हा पुरुष डोळ्यांच्या मागें चालत गेला, आणि शेवटीं पलिष्ट्यांनीं त्याचे ते डोळेच काढले. वेशींचे दरवाजे खांद्यावर घेऊन डोंगरावर चढण्याइतकें बळ त्यास होतें. पण स्वतःच्या मनाला वेस नव्हती. ज्याला आपलें मन आवरत नाहीं त्याला नीतिसूत्रांत तट पडलेल्या नगराची उपमा दिली आहे. आपल्या बोलींत म्हणावयाचें तर गांवकूस ढांसळलेलें गांव. एका वाटेवर पहारा कितीही कडक असो, चोराला बाकीच्या बाजू मोकळ्याच असतात.

आतां ती गोष्ट.

आम्ही पाळक म्हणून नवीन असतांना एका गांवीं एक बंधु होते. तरुणपणीं गांवठी दारूनें त्यांचें अर्धें शेत गेलें होतें. मंडळींत आल्यावर त्यांनीं प्रतिज्ञा केली व ती पाळली. दरवर्षीं मेळ्यांत आम्ही त्यांस व्यासपीठावर उभे करून साक्ष द्यावयास लावीत असूं. दहाव्या वर्षीं आम्हीं त्यांस हारही घातला व मंडळीचे पंच नेमलें. अकराव्या वर्षीं एका रात्रीं बायबलबाई त्यांच्या पत्नीस घेऊन आमच्या दारीं आली. त्या बाईचें मनगट सुजलें होतें, आणि तें त्या दिवशींचें पहिलेंच दुखणें नव्हतें. आम्ही दुसऱ्या दिवशीं त्या बंधूंकडे गेलों. ते खालीं पाहून म्हणाले, "साहेब, अकरा वर्षांत थेंब घेतला नाहीं." ते खोटें बोलत नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होतें कीं आमच्या प्रश्नाचें उत्तर हेंच आहे. आणि तसें वाटावयास आम्हींच शिकविलें होतें. प्रतिज्ञेच्या कागदावर आम्हीं दुसरें कांहीं लिहिलेंच नव्हतें.

आम्हीं त्या बाईस विचारलें, "बाई, इतकीं वर्षें आम्हांस कां सांगितलें नाहीं?" ती म्हणाली, "तुम्हीं त्यांना हार घातला होता. मग मी कोणाला सांगूं?"

हे शब्द आम्हांस अजून विसरतां आले नाहींत. मेळ्यांत आम्ही त्यांची स्तुति करीत होतों, तेव्हां ती बायकांच्या बाजूस सतरंजीवर बसून ऐकत होती. आम्हीं पंचांच्या संमतीनें त्या बंधूंस पंचपदावरून काढलें व प्रभुभोजनापासून दूर ठेवलें. तिनें आपल्या भावाकडे जाऊन राहावें, असें आम्हीं स्वतः सांगितलें. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तिच्या बाजूचा आहे, ती वाट तिला मोकळी आहे, हेंही सांगितलें. कित्येकांस तें रुचलें नाहीं. 'तिनेंही जरा इंद्रियदमन करावें, सोसावें' असें एक वृद्ध म्हणाले. उपदेशक बंधूंनो, हा शब्द मार खाणाऱ्याच्या गळ्यांत कधींही बांधूं नका. तो ज्याचा हात उठतो त्याच्यासाठीं आहे.

ह्यावरून आम्ही वर्जनास हलकें मानतों असें मात्र कोणी समजूं नये. खुंटा उपटा, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यानें एकदां दारूच्या हातीं घर दिलें, त्यानें दुकानाच्या बाजूनें घरीं येऊं नये. लांबची वाट घ्यावी. योसेफ पोटीफराच्या घरांतून वस्त्र टाकून पळाला, हा भित्रेपणा नव्हता. रेखाब्यांच्या पुढें यिर्मयानें देवाच्या मंदिरांत द्राक्षारसाचे घडे ठेवले, तरी त्यांनीं पूर्वजाच्या आज्ञेप्रमाणें घेतला नाहीं, व देवानें त्यांचें उदाहरण सर्व यहूदापुढें ठेवलें. तीमथ्याला त्याच्या पोटाच्या दुखण्यासाठीं थोडा द्राक्षारस घ्यावयास पौलानें सांगितलें, तें वचन आमच्या कांहीं बंधूंस तोंडपाठ आहे. दुसरें एकही येत नाहीं, ही निराळी गोष्ट.

सरकारी दारूबंदीविषयींही लोक विचारतात. मुंबई राज्यांत १९४९ सालीं दारूबंदीचा कायदा झाला, तो पुढें सैल होत गेला. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ सालीं दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं झाली, आणि २०२१ सालीं उठविण्यांत आली. आमच्या महाराष्ट्रांत कित्येक गांवीं बायकांनीं एकजुटीनें आडव्या बाटलीला मतें देऊन दुकानें बंद करविलीं. त्यांस आम्ही मनापासून धन्य म्हणतों, कारण दुकान लांब गेलें म्हणजे पुष्कळ घरांत संध्याकाळीं चूल पेटते. पण कायदा करणारे जें बांधतात, तें कायदा करणारेच सोडूं शकतात. दावें सुटलें त्या दिवशीं बैल शिकलेला आहे कीं नुसता बांधलेला होता, हें कळतें.

आणि वर्जनाचा एक याहून उंच प्रकार आहे, तो दमनांतूनच जन्मतो. दावीद अदुल्लामाच्या गुहेपाशीं असतां त्यास बेथलेहेमच्या वेशीजवळील विहिरीच्या पाण्याची तहान लागली. तिघे वीर पलिष्ट्यांच्या छावणींतून घुसून तें पाणी घेऊन आले. पाणी कांहीं वर्ज्य नव्हतें. तहानही खोटी नव्हती. तरी दावीदानें तें प्यालें नाहीं. ज्यांनीं जीव धोक्यांत घालून तें आणलें, त्यांचें रक्तच तें आहे, असें त्यास वाटलें, म्हणून त्यानें तें परमेश्वरापुढें ओतलें. आपल्या तहानेपेक्षां दुसऱ्याच्या जिवाकडे ज्याची दृष्टि गेली, त्याचें हें सोडणें होय. भावाला ठेंच लागेल तर मांस खाणार नाहीं, असें पौल म्हणतो, तेंही असेंच. त्या बंधूंनीं दारू सोडली ती शेत वांचावें म्हणून, नांव राहावें म्हणून. तेंही चांगलें. पण घरांतल्या माणसाचा जीव त्या सोडण्यांत कोठेंच आला नव्हता.

हें दमन येतें कोठून? पौल एके ठिकाणीं शर्यतींच्या मल्लांचें उदाहरण देतो. करिंथाजवळ दर दोन वर्षांनीं मोठे सामने भरत. ऑलिंपियाच्या सामन्यांत उतरणाऱ्यांस तर दहा महिने नेमानें तालीम केल्याची शपथ घ्यावी लागे. आणि करिंथाजवळच्या त्या सामन्यांत बक्षीस काय, तर पानांचा मुगुट, जो चार दिवसांत सुकावयाचा! आपल्याकडचे पैलवानही गदेसाठीं काय काय सोडतात हें तुम्हांस ठाऊक आहे. तालमीवांचून दमन नाहीं. पण हेंच एंक्रातेइया पौलानें कैसरियेंत सुभेदार फेलिक्सापुढें काढलें, तेव्हां तो घाबरला आणि 'सवड मिळाली म्हणजे बोलावीन' असें सांगून त्यानें विषय टाळला. त्याच्या शेजारीं द्रुसिल्ला बसली होती. ती दुसऱ्या राजाची बायको असतां त्यानें तिला फितवून आणिलें होतें. पलटणी त्याचा हुकूम मानीत. त्याचे स्वतःचे डोळे मानीत नव्हते, आणि पौलाकडून लांच मिळेल म्हणून पसरलेला हातही मानीत नव्हता. दोन वर्षें तो त्यास वरचेवर बोलावीत राहिला, तेंही त्या लांचेच्याच आशेनें.

म्हणून आम्ही पुन्हां खोंडाकडे येतों. खोंड एकटा शिकत नाहीं. त्याला जुन्या बैलाच्या जोडीला देतात. आमचा प्रभु आपलें जूं आपणांवर घ्यावयास सांगतो, आणि त्याच श्वासांत आपण सौम्य आहों असें म्हणतो. गेथशेमानेंत ज्याची इच्छा पित्याच्या इच्छेखालीं वांकली, तो त्या जुवाच्या दुसऱ्या बाजूस आहे. त्याच्या पावलाबरोबर पाऊल टाकतां टाकतां जें येतें, तें आत्म्याचें फळ. तें आम्हांस मंडळींत हार घालून आणतां येत नाहीं.

तो बंधु सहा महिन्यांनीं आमच्याकडे आला. "साहेब, रागाच्या प्रतिज्ञेचा कागद आहे का? मी सही करतों," असें म्हणाला. असा कागद आमच्याजवळ नव्हता, आणि असता तरी आम्हीं तो दिला नसता. आम्हीं त्याला एका म्हाताऱ्या वडिलांच्या स्वाधीन केलें. तरुणपणीं ते स्वतः तापट म्हणून पंचक्रोशींत प्रसिद्ध होते. दोघे रोज संध्याकाळीं बरोबर प्रार्थना करीत. सुगीला एकाच शेतांत राबत. वडिलांनीं त्याला एक साधी गोष्ट सांगितली: राग चढूं लागला कीं तोंड न उघडतां गोठ्यांत जावयाचें आणि बैलांना पाणी दाखवावयाचें, बैल पिऊन मान वर करीपर्यंत परत यावयाचें नाहीं. वर्षभर त्यानें तें केलें. एक दोनदां चुकला, तेव्हां आपण होऊन येऊन सांगून गेला. त्यानंतर ती बाई आपल्या मनानें, भावास बरोबर घेऊन, घर पाहावयास आली, व पुढें राहिली.

परवां आम्ही त्या गांवीं गेलों असतां तिनें आम्हांस चहा दिला. आम्हीं विचारलें, "बाई, कसें काय आहे?" तिनें गोठ्याकडे पाहिलें आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "बरें आहे, पाळकसाहेब. आमचे बैल मात्र हल्लीं फार पाणी पितात."